बाटलीच्या ब्रशाची झाडं

८ जानेवारी

आज व्याह्यांनी माझ्या झाडाला बाटलीचा ब्रश म्हटलं. चारचौघांत. म्हणून ही वही उघडली. कोणाजवळ तरी बोलायला हवं आणि आमची ही म्हणते, "माझ्याजवळ सहा वेळा बोललात, पुरे."

त्याचं असं झालं. गेल्या रविवारी लेकीकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर व्याह्यांनी आतल्या खोलीत नेलं. आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. विहीणबाई गेल्यापासून त्या खोलीत त्यांनी टेबलावर छोटी रेल्वे मांडली आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत रूळ, स्टेशन, पूल, बोगदा, सगळं स्वतःच्या हातांनी. फक्त झाड एकही नाही, नुसतं उजाड माळरान. मार्चमध्ये लेकीला बाळ होणार, ती खोली बाळाची होणार आणि टेबल मोडणार, हे ठरलेलं आहे. व्याही म्हणाले, "मोडायच्या आधी एकदा तरी गाडी झाडांमधून न्यायची आहे. पण दुकानातली झाडं सोन्याच्या भावाने मिळतात."

"त्यात काय एवढं! मी करून देतो, फुकटात," मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण ते हेच. जन्मभर ब्रशांचा कारखाना चालवला. तारेच्या पिळात केस बसवणं हेच माझं काम. झाड म्हणजे तरी दुसरं काय? आज नमुन्याचं झाड घेऊन गेलो. व्याह्यांनी ते हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "व्याही, हा बाटलीचा ब्रश आहे."

सगळे हसले. माझी सख्खी लेक पोट धरून हसली, आणि या दिवसांत तिचं पोट धरणं म्हणजे काही लहान काम नाही. जावई तेवढे हसले नाहीत. ते हल्ली वडिलांपुढे जरा दबूनच असतात.

इंजिनवाल्यांना वाटतं जग त्यांच्यामागे डब्यासारखं चालतं. आता अशी झाडं करीन की पाखरं येऊन बसतील.

११ जानेवारी

कृती लिहून ठेवतो. उद्या कोणी श्रेय लाटायला नको.

दोन तारा शेजारी शेजारी धरायच्या. मधे केस आडवे पसरायचे. तारांचं एक टोक पकडीत आवळायचं, दुसरं हातड्रिलमध्ये घालून फिरवायचं. पीळ बसतो तसे केस चारी बाजूंनी उभे राहतात. इथपर्यंत ब्रशच, ते कबूल. मग कात्रीने वर निमुळतं, खाली रुंद कापायचं. गोंद लावून हिरव्या रंगवलेल्या चहाच्या चोथ्यात लोळवायचं, म्हणजे पानं आली. खाली उरलेली तार मुळांसारखी फाकवायची. तार आणि केस पुतण्याकडून, कारण कारखाना आता तोच बघतो आणि कापून उरलेले तुकडे तो फेकूनच देतो. काथ्या, घोड्याचे केस, नायलॉन, सगळं आलं.

प्रश्न फक्त चोथ्याचा. दोन माणसांच्या घरात चोथा निघून निघून किती निघणार? नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी तीन कप पाजले. ही म्हणाली, "अहो, येईल त्याला तुम्ही चहाचा आग्रह करताय. ते प्रेम नव्हे, हे आता सगळ्या इमारतीला कळलंय." पलंगावर वर्तमानपत्र घालून चोथा वाळत टाकला होता, त्यावरूनही जरा बोलाचाली झाली.

१५ जानेवारी

टोपलीभर झाडं घेऊन गेलो. व्याह्यांनी एकेक झाड उचललं, डोळे मिटले आणि अंगठा वरून खाली फिरवला, गिऱ्हाईक कापड पारखतं तसा. मग म्हणाले, "सगळी सारखी आहेत. झाडं आहेत की पोलिसांची कवायत? एखादी फांदी मोडा, एखादं वाकवा."

आता हे मला कसं जमावं? ब्रशाचा एक केस बाहेर आला की तो ब्रश नापास, हे मी कारागिरांना इतकी वर्षं बजावलं आहे. घरी येऊन कात्री हातात धरून बसलो. वाकडं कापायला हात तयारच होईना. शेवटी हिने एक झाड ओढून घेतलं, कंबरेत वाकवलं, एका बाजूचे चिमूटभर केस उपटले आणि पुढ्यात ठेवलं. "हे घ्या. वाऱ्याकडे पाठ करून उभं आहे."

खरंच होतं तसं. मी म्हणालो, "बरं आहे." यापेक्षा जास्त कौतुक केलं असतं तर ती कात्रीच घेऊन बसली असती.

आणखी एक. त्यांच्या खोलीतलं स्टूल मी जरा बाजूला सरकवलं, तर केवढे ओरडले! "जिथलं तिथे ठेवा!" स्टूल म्हणजे काय इंजिन आहे का?

२० जानेवारी

आज कमाल झाली. बेकरीसमोरच्या पदपथावर व्याही समोरून आले. मी हसलो, हातही वर केला. ते सरळ माझ्याकडे बघत बघत शेजारून निघून गेले. ओळख नाही, देख नाही!

घरी येऊन हिला सांगितलं. "ऊन डोळ्यावर आलं असेल," ती म्हणाली.

"ऊन कुठलं? आभाळ भरलेलं होतं."

"मग तंद्रीत असतील."

मुलीकडची बाजू म्हणून पडतं घ्यायचे दिवस गेले. मी काही त्यांच्या गाडीत विनातिकीट बसलेलो नाही.

२४ जानेवारी

लेक, जावई आणि व्याही आमच्याकडे जेवायला आले. व्याह्यांनी स्वतःच पाणी ओतून घेतलं, आणि ओतताना ग्लासात बोट! बोटाला पाणी लागेपर्यंत ओतत होते. एरवी सदऱ्याची इस्त्री मोडू न देणारा माणूस, आणि ही रीत! मी हिच्याकडे पाहिलं, पण ती त्यांच्याकडेच बघत होती. तिलाही किळस आलेली दिसली.

जेवणानंतर नवीन फर्मान निघालं. पुलाआधी काथ्याची झाडं लावा. वळणाआधी घोड्याच्या केसांची. स्टेशनजवळ नायलॉनची. आणि सगळी रुळाला अगदी लागून, फांद्या डब्यांना घासल्या पाहिजेत.

"घासल्या पाहिजेत?" मी म्हणालो. "अहो, रुळाला लागलेली फांदी तुम्ही लोक तोडता ना?"

"खऱ्या रुळाची तोडतो."

"मग इथे काय खोटं आहे?"

"व्याही, तुम्ही झाडं करा. ती कुठे लावायची ते मी बघतो."

म्हणजे मी रात्रंदिवस खपून झाडं करायची आणि ती डब्यांनी घासून बोडकी करायची. माझं काम खराब दिसावं, एवढाच हेतू. जावई हळूच मला म्हणाले, "मनावर घेऊ नका. बाबा माझ्याशी बोलतानासुद्धा हल्ली दुसरीकडेच बघतात." बिचारा पोरगा.

२९ जानेवारी

हिरवा रंग संपला. पुतण्याकडे जांभळा पडून होता. म्हटलं, तूर्त आकार दाखवून येऊ, वरून हिरवा नंतर मारता येईल. काथ्या, केस, नायलॉन, तिन्ही जातींची झाडं अशी जांभळी झाली की बाजारात ठेवली असती तर कोणी भरताला नेली असती.

व्याह्यांनी हातात घेतली, खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "हां, हिरवा आत्ता खरा जमला."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टोमणा मारावा, पण इतका साळसूद चेहरा करून? मी दार आपटून निघून आलो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. "काय म्हणाले? परत सांगा," ती म्हणाली. मी परत सांगितलं, आवाज काढून. ती हसली नाही. नळ तसाच वाहत राहिला, तो शेवटी मी बंद केला.

३० जानेवारी

ही एकटीच व्याह्यांकडे गेली. लेक आणि जावई कामावर गेल्यावर, खाऊचा डबा घेऊन. माझी बाजू मांडायला गेली हे उघड आहे. दुपार कलल्यावर आली तर डोळे लाल. चांगलीच खडाजंगी झालेली दिसते. बायको असावी तर अशी.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. तुम्ही त्यांना हवी तशी झाडं करून द्या."

म्हणजे हरून आली. मी तिला जास्त छेडलं नाही.

३ फेब्रुवारी

माझा संप चालू आहे. ड्रिल कपाटात ठेवलं. चोथा केरात गेला. नळवाला सहज डोकावला, त्याला मी नुसतं पाणी दिलं.

लेकीचा फोन आला. डॉक्टर म्हणतात बाळ आधीही येऊ शकतं, तेव्हा खोली लवकर रिकामी करायची. सुताराला सांगितलं आहे, तो रविवारी येऊन टेबल मोडून लाकूड घेऊन जाईल. "बाबा, झाडं झाली का हो? अप्पा रोज विचारतात." अप्पा म्हणजे माझे व्याही. लेक सासऱ्यांना अप्पा म्हणते आणि माझ्यापेक्षा जास्त लाडाने म्हणते.

मी सांगितलं, "झाडांना बहर यायला वेळ लागतो."

ही दिवसभर माझ्याशी मोजून मापून बोलते आहे. मी काय केलं?

६ फेब्रुवारी

ठरवलं, की जांभळी झाडं परत आणायची. आपली अर्धवट वस्तू दुसऱ्याच्या घरात हसायला कशाला ठेवायची? दोन खरमरीत वाक्यंही पाठ करून गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो.

व्याही स्टुलावर बसून गाडी चालवत होते. मी खोलीच्या दारात, त्यांच्या अगदी समोर. त्यांची मान वर होती, गाडीकडे बघतही नव्हते. गाडी काथ्याच्या झाडांना घासली, खर्र आवाज आला. ते पुटपुटले, "पूल." मग घोड्याच्या केसांची सळसळ. "वळण," म्हणत त्यांनी वेग कमी केला. मग नायलॉनची टिकटिक, आणि गाडी फलाटाला बरोबर लागून उभी राहिली. मी पाठ केलेली वाक्यं विसरलो.

"कोण? सूनबाई, तू का?"

"मी आहे, व्याही."

"किती वेळ उभे आहात?"

"झाला थोडा. तुमच्या समोरच तर आहे."

ते म्हणाले, "मग आता तुम्हालाही कळलंच."

"काय?" मी म्हणालो. खरं सांगतो, मला अजूनही कळलं नव्हतं. तेच हसले.

"अहो, मला दिसत नाही."

मी तिथेच जमिनीवर बसलो. त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्याची नस सुकत चालली आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत. उजेड कळतो, कोणीतरी आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. मुलाला सांगितलं नाही, कारण मग तो त्यांना एकटं बाहेर जाऊ देणार नाही आणि सूनबाई स्वतःकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत बसेल. "आधी बाळ सुखरूप येऊ दे. मग माझं रडगाणं."

"आणि हे टेबल?" मी विचारलं.

त्यांनी टेबलावर हात ठेवला. "व्याही, घरात रोज काहीतरी हलतं. खुर्ची, चप्पल, दाराची फळी. हे टेबल मात्र मी ठेवलं तसंच असतं. इथे मला कोणाला काही विचारावं लागत नाही. आता अशी ही एकच जागा उरली आहे. पण बाळाला खोली हवीच ना."

मी एवढे दिवस या माणसाशी भांडत होतो, आणि तो माझी झाडं कानांनी वाचत होता. मला रडू आलं. बरं झालं, दिसलं नाही, असं वाटलं आणि मग त्याचंच जास्त रडू आलं.

"एक विचारतो," ते म्हणाले. "परवाची ती झाडं कुठल्या रंगाची होती? तुम्ही फार आपटत गेलात."

"वांग्याच्या."

ते इतके हसले, इतके हसले, की स्टुलावरून पडता पडता राहिले. म्हणाले, "राहू द्या तशीच. पुन्हा रंगवलीत तर याद राखा."

७ फेब्रुवारी

हिला सांगायला गेलो तर हिला सगळं माहीत! एकटी गेली त्या दिवशीच विचारून आली होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि तुमच्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

मी म्हणालो, "ऐक. ते टेबल आपल्याकडे आणू या. पुढच्या खोलीत."

मला वाटलं, आता ती म्हणेल घर आहे की वखार. तर तिने पदराच्या गाठीतून शिवणाची टेप काढली. खोली कधीच मापून झाली होती. सोफा पुतण्याच्या कारखान्यात जाईल, हेही तिनं त्याला विचारून ठेवलं होतं. "तुमच्याच तोंडून यावं म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "पण अट आहे. मुलाला आणि सुनेला त्यांनी स्वतः सांगायचं. बाळ येण्याआधी. नंतर कळलं तर लेक जास्त रडेल."

९ फेब्रुवारी

व्याह्यांनी सकाळीच सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा लेक रडून झाली होती आणि आता चिडली होती. "मी काय परकी आहे का, अप्पा? पाय सुजलेत माझे, डोकं नाही!" जावई खिडकीशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलात म्हणून माझ्याकडे बघत नाही." व्याह्यांनी हात पुढे केला, तो आधी भलतीकडेच गेला. जावयांनी तो धरला. आम्ही दोघं उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसलो.

सुतार टेबल मोडायला आला होता. त्याला सांगितलं, मोडायचं नाही, चार भाग सुटे करून आमच्याकडे आणून जोडायचं. तो म्हणाला, "म्हणजे दुप्पट काम." ही म्हणाली, "चहा घ्या आधी."

हिची टेप चुकीची नव्हती, पण बोगद्याचं टोक तिने मापलंच नव्हतं. ते खोलीच्या दारातून बाहेर आलं आहे. आता आमच्या न्हाणीघरात जायचं तर बोगद्याखालून वाकून जावं लागतं.

२० फेब्रुवारी

व्याही रोज येतात. जावई कामावर जाताना सोडतात, संध्याकाळी नेतात. आल्याबरोबर टेबलाभोवती हात फिरवून सगळं जागेवर आहे ना बघतात आणि मग माझ्या कामाच्या चुका काढायला लागतात. "हे झाड घोगरं आहे." "हे दोन भाऊ आहेत, वेगवेगळे करा." आता मी झाड आधी कानाशी धरून त्यावर पट्टी फिरवतो. काथ्या ओला करून वाळवला की आवाज खोल येतो. केस लांब ठेवले की सळसळ लांबते. हे जगात आणखी कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. वाकडं कापायलाही हात आता बिचकत नाही.

वाद रोज होतो. काल वाद इतका चढला की हिने दोघांनाही गच्चीवर पाठवून दिलं. "दोन म्हातारी कार्टी," म्हणाली. आज ते आले नाहीत, डॉक्टरकडे जायचं होतं. दिवसभर घर कसं रिकामं रिकामं वाटलं.

१४ मार्च

सकाळी गाडी बोगद्यात असताना जावयांचा फोन आला. मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत.

मी चपला शोधायला लागलो. व्याह्यांनी मात्र गाडी बोगद्यातून बाहेर काढली, पूल ओलांडला, स्टेशनात आणून उभी केली आणि मगच उठले. म्हणाले, "गाडी मधे सोडून जायची नसते." हाच माणूस चप्पल घालताना मात्र दोनदा डाव्या पायात उजवी घालत होता.

दवाखान्यात लेक दमलेली, पण चेहऱ्यावर हसू. बाळाला आधी हिने घेतलं, मग मी. इतकंसं तोंड आणि त्याच्या मधोमध माझं नाक! तेच, पुढे जरा रुंद झालेलं, आमच्या घराण्यात कोणालाही न चुकलेलं. हिने पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

मग व्याह्यांच्या मांडीवर दिली. ते अगदी ताठ बसून राहिले, श्वाससुद्धा बेताने घेत होते. हळूच विचारलं, "कोणासारखी आहे?"

आम्ही सगळे तिला डोळे भरून बघत होतो, आणि या माणसाने काय विचारावं! मी म्हणालो, "तुमच्यासारखी. नाक तर अगदी तुमचं."

त्यांनी एक बोट पुढे केलं. बाळाच्या कपाळावरून हळूहळू खाली आणलं, नाकावरून नेलं, टोकाशी थांबले. परत एकदा नेलं.

"व्याही, माझ्याशी खोटं बोलू नका," ते म्हणाले. "लग्नात तुम्ही माझ्या समोरच बसला होतात आणि तेव्हा मला चांगलं दिसत होतं. हे नाक तुमचं आहे."

सगळे इतके हसलो की नर्स आत आली. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. बाळ रडायला लागलं तरी त्यांना ते कोणाकडे द्यायचं नव्हतं, आणि कोणी मागितलंही नाही.